झुलीखालची जखम
बुटाच्या पॉलिशचा वास आला की मला अजून एक घोडी आठवते. काही वर्षांपूर्वी आमच्या घोडागाडी क्लबनं शनिवार-रविवार जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला मुक्काम केला होता. शनिवारी गाड्या पळवून झाल्या आणि रविवारी सजवलेल्या गाड्यांची स्पर्धा ठेवली होती. आंब्याखाली तांबडा रस्सा उकळत होता आणि शेजारीच ओल्या लिदीवर माशा घोंगावत होत्या. क्लबच्या अध्यक्षांची काळी घोडी रेशमी झूल पांघरून उभी होती, पण सारखं अंग चोरत होती. सरकलेली झूल सारखी करायला मी गेले, तर हाताला काळं, चिकट काहीतरी लागलं. साजाचा पट्टा घासून तिच्या खांद्यावर तळहाताएवढी जखम झाली होती, आणि ती दिसू नये म्हणून वर चक्क बुटाचं पॉलिश फासलं होतं. त्याखालून पू येत होता. मी ओरडले तसे अध्यक्ष हाडूक चोखतच आले. "झाका की ओ ताई ते! परीक्षक यायला लागल्यात. एवढ्यानं मरत न्हाय ती." भोवतीची माणसं हसली. मी झूल ओढून खाली टाकली. परीक्षकांनी जखम पाहिली, नाकाला रुमाल लावला आणि पहिलं बक्षीस त्याच गाडीला दिलं. तिकडं टाळ्या वाजत असताना मी घोडी सोडली आणि चालत गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेली. जखम हळूहळू भरली. आजही कुठल्या लग्नात अध्यक्ष हसत हात पुढं करतात, तेव्हा मी माझा हात पदराखाली घेते.