तिसऱ्यांदा पडल्यावर

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या दर शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये क्रुसाची वाट होते, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा प्रसंगांच्या चित्रांपुढं, एकेका स्थानाशी थांबत प्रार्थना. चौदा स्थानांपैकी तीन ठिकाणी येशू क्रूस घेऊन पडतो, आणि तिथं आमच्याकडे सगळे थेट जमिनीवर गुडघे टेकतात. परवा नवव्या स्थानाशी, म्हणजे तिसऱ्या पतनाशी, आईनं गुडघे टेकले आणि तिला उठता येईना. दोनदा बरा झालेला तिचा कॅन्सर पुन्हा उलटलाय. सोमवारी केमो सुरू करायची की नाही, ते ती सांगत नव्हती.

मागून रोझीमावशी कुजबुजली, "अगो बाय, बाकावर बसायचं की!"

"तो बसला का बाकावर?" आई क्रुसाकडे बघत म्हणाली.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. आईनं भाजीच्या पाट्या वाहून मला शिकवलं, हे मी ताठ मानेनं सांगते. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की तिसऱ्यांदा उठूनही येशूची सुटका होत नाही. पुढच्याच स्थानाला त्याचे कपडे उतरवतात, मग खिळे. उठणं म्हणजे जिंकणं, असं कुणी सांगितलं?

"आई, पुरे आता. सोमवारी नको जायला."

तिनं माझा खांदा घट्ट धरला. "उचल मला. अजून पाच स्थानं राहिलीत."

मी तिला उभं केलं. पुढं काय आहे, ते आम्हा दोघींना पाठ होतं.