चाळीस मिनिटं लाइट

आमच्या कामशेतच्या दुकानात एक फळी आहे. लोक विसरून गेलेले चार्जर, केबली, बंद कीबोर्ड तिच्यावर पडलेले असतात. किस्सेही तसेच साठतात. फेकवत नाहीत, आणि एक ओढला की चार बाहेर येतात! आजचे सगळे एकाच कामाचे आहेत.

काम असं. हार्ड डिस्कवर फाइली मांडून ठेवायची एक पद्धत असते. जुन्या पद्धतीचं नाव फॅट. तिच्यात चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आणि लग्नाचं शूटिंग हल्ली त्याहून मोठंच असतं. मग डिस्क एनटीएफएस नावाच्या नव्या पद्धतीवर न्यायची. आतलं काही न पुसता, एका कमांडमध्ये होतं. अट एकच, मध्येच लाइट जाता कामा नये. आमच्या मावळात ही अट पाळायची म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

*

लोणावळ्याला एक निवृत्त प्राध्यापक आहेत. मी कमांड टाइप केली आणि त्यांनी माझा हात थांबवला.

"पुन्हा जुन्या पद्धतीवर आणता येईल ना?"

"नाही सर. मागे जायचं तर सगळं पुसावं लागतं."

"आणि मध्ये वीज गेली तर?"

"मग काही सांगता येत नाही."

ते आत गेले, काकूंना घेऊन आले आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मग एका कागदावर 'आम्हाला धोक्याची कल्पना दिली आहे' असं लिहून दोघांनी खाली सह्या केल्या. मी एंटर दाबलं. काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "आम्ही बाहेर बसू का?"

*

हसले मी तेव्हा. पण त्या काकूंची भीती खोटी नव्हती, हे मला बेडशाच्या आबांनी शिकवलं.

आबा शेतकरी माणूस, मोजकं बोलणारे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या घरी मी हेच काम करत होते. थोरल्या मुलीच्या, सुनंदाच्या, लग्नाचे सगळे फोटो त्या डिस्कवर होते. कॉपी काढली नव्हती. चूक माझीच, दुसऱ्या कुणाची नाही. एकाहत्तर टक्क्यांवर लाइट गेली. परत आली तेव्हा डिस्कमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फाइली होत्या, एकही उघडेना.

मला रडू आलं. आबा बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "जाऊं द्या."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डिस्क कोरी करून घेतली, तीही जुन्याच पद्धतीची. "ते नवं नको आमाला."

*

त्यानंतर माझा भागीदार विलास याने दुकानात पाटी लावली. 'आधी कॉपी, मग चहा.'

ती पाटी कान्ह्याला उपयोगी पडली. तिथे एका घरी निम्मं काम झालं आणि स्क्रीन काळी पडली. मान वर करते तर घरच्या मावशी बोर्डापाशी उभ्या.

"तुमी शिंकलात. म्हनून पंखा बंद केला."

पंखा आणि कॉम्प्युटर एकाच बटणावर होते! कॉपी होती म्हणून हा किस्सा हसत सांगता येतो. मावशी अजून विचारतात, "सर्दी गेली का गं?"

*

आणि या वर्षी आबांचा फोन आला. धाकटीचं लग्न झालं होतं. शूटिंगची एकच फाइल, सात जीबीची, डिस्कवर बसेना.

मी गेले. बरोबर रिकामी डिस्क नेली. तिथे कळलं की आबांच्या डिस्कवर आता काय आहे. सुनंदाने सहा वर्षं नातेवाइकांच्या घरोघरी फिरून स्वतःच्या लग्नाचे फोटो पुन्हा गोळा केले होते. कुणाच्या मोबाइलमधून, कुणाच्या अल्बममधून. तीनशेच्या वर. काही जणांचे मोबाइल नंतर मोडीतही गेले होते.

"आबा, आधी याची कॉपी काढते."

"न्हाई. पोरींचं फोटू भायेरच्या डिस्कवर जायाचं न्हाईत."

"नवी डिस्क तुमच्याच घरात ठेवा."

"हीच हाय की घरातली. करा."

त्यांचा यूपीएस पाच मिनिटंही धरत नव्हता. मी लाइनवर काम करणाऱ्या वायरमन अण्णांना फोन लावला. "अण्णा, चाळीस मिनिटं बेडशाची लाइन काढू नका."

"म्या कशाला काढतोय? समद्यांनी पान्याच्या मोटारी एकदम चालू केल्या की खांबावरच्या डीपीतला फ्यूज जातो. त्यांना सांगा."

आबांनी ऐकलं, टोपी घातली आणि बाहेर पडले. भाताची लावणी उरकलेली, पण पावसानं दडी मारलेली, त्यामुळे प्रत्येकाची मोटार चालू. कुणाकडे कधी काही न मागणारा माणूस बांधाबांधाने फिरला. एकेक मोटार बंद होताना घरात ऐकू येत होती. सगळं शांत झालं तेव्हा ते आले आणि दारातच बसले. "करा चालू."

कमांड दिली. कॉम्प्युटर खात्रीसाठी डिस्कचं नाव विचारतो. मी टाइप केलं, 'सुनंदा', इंग्रजीत. आबा एकेक अक्षर बघत होते.

वीस टक्के. चाळीस. सुनंदा माहेरी आलेली होती, ती भिंतीला टेकून उभी. सत्तरला कुठेतरी एक मोटार घरघरली आणि वरचा बल्ब मंद झाला. आबा दारातून ओरडले, "आरं, दम धरा!" घरघर थांबली. एकाहत्तरचा आकडा आला आणि हलेचना. मग बहात्तर.

शंभर झाले. मी एक फोटो उघडला, दुसरा, दहावा. सगळे उघडले. सात जीबीची फाइलही निमूट बसली. तेव्हा कुठे मी "झालं" म्हणाले. सुनंदा खाली बसली आणि रडायला लागली.

आबा उठले, अंगणात गेले आणि दोन्ही हात तोंडापाशी धरून शेताकडे ओरडले, "सोडा रं पानी!"

साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या. डीपीवर फट्‌ आवाज झाला. पंखा थांबला, बल्ब गेला, स्क्रीन काळी.

आबा आत आले. त्या काळ्या स्क्रीनकडे बघत बराच वेळ उभे राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"जाऊं द्या."