रिकाम्या जागी निरंक

माझे बाबा अर्जनवीस. घाटंजीच्या तहसीलसमोर कडुलिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. अक्षर इतकं सुरेख की आतले साहेब आधी अक्षरच पाहत बसायचे, आणि बरेचदा तिथेच थांबायचे. मजकुरापर्यंत पोचलेला साहेब मी तरी पाहिला नाही.

मी तेव्हा यवतमाळला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट निवडताना मला अवदसा आठवली आणि मी स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली. सर म्हणाले, झेपेल का? मला कोणी ‘झेपेल का’ विचारलं की डोकं फिरतं, अजूनही फिरतं. जोडीदार म्हणून दिलेला मुलगा दुसऱ्याच आठवड्यात आजारी पडला, तो निकाल लागेपर्यंत काही बरा झाला नाही. सोमवारी तोंडी परीक्षा होती. नागपूरहून परीक्षक येणार, प्रोग्राम त्यांच्यासमोर चालवून दाखवायचा. नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं आणि पुण्याच्या कंपनीने दिलेली नोकरीही गेली असती.

आदल्या रविवारी मी घरी होते. लोडशेडिंगमुळे दुपारपासून पंखा बंद. तसाही घरी कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे मी ओसरीत बसून असेंब्ली या कॉम्प्युटरच्या भाषेतले मॅक्रो कागदावर पक्के करत होते. बाबा शेजारी येऊन बसले आणि चष्म्यातून माझ्या कागदाकडे बघू लागले. लोकांचे कागद वाचणं हा त्यांचा धंदाच, तेव्हा हटकून उपयोग नव्हता.

“हे काय लिहून राह्यली?”

मी सांगितलं. प्रोग्रामला स्वतःच्या मनाने स्क्रीनवर एक अक्षरही उमटवता येत नाही. तो अधिकार कर्नेलचा, म्हणजे सिस्टीमच्या आतल्या कारभाऱ्याचा. प्रोग्रामने पहिल्या कप्प्यात कामाचा नंबर ठेवायचा, पुढच्या तीन कप्प्यांत कामाचा तपशील, आणि घंटी वाजवायची. मग कारभारी काम करून उत्तर देतो. या कप्प्यांना रजिस्टर म्हणतात. दर वेळी त्याच ओळी लिहायचा कंटाळा येतो, म्हणून त्यांचा एक साचा करून ठेवतात. साच्याचं नाव लिहिलं की सगळ्या ओळी आपोआप येतात. तोच मॅक्रो.

“हे तं तहसील झालं,” बाबा म्हणाले. “शिपायाले काही द्या लागते का?”

“नाही.”

“अन् उत्तर येते म्हणते?”

“येतंच. काम झालं तर झालं म्हणून. नाही झालं तर ऋण आकडा येतो, त्यावरून का नाही झालं ते कळतं.”

बाबांनी चष्मा काढला. “काहून नाही, हे पण सांगते?” मग म्हणाले, “बाप्पा.”

त्या हंगामात लाल्या रोगाने पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गेली होती. पंचनाम्याचे अर्ज लिहून लिहून बाबांचं बोट काळं पडलं होतं, आणि त्या अर्जांच्या कार्बन कॉप्यांचं गाठोडं घरात खाटेखाली होतं. ‘नाही’ असं उत्तरसुद्धा एकालाही आलेलं नव्हतं. लोक टेबलाशी येऊन विचारायचे, काही आलं का? जणू बाबांनीच उत्तर दाबून ठेवलंय. मला त्या लोकांचा राग यायचा आणि बाबांची कीव यायची, आणि कीव येते म्हणून मग बाबांचाही राग यायचा.

चष्मा पुन्हा चढवून बाबांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं. “चार साचे कायले केले?”

तपशील नसलेल्या कामाला एक साचा, एका तपशिलाच्या कामाला दुसरा, दोनाला तिसरा, तिनाला चौथा. सगळीकडे असंच करतात, मी म्हटलं.

“सगळे करतात ते करू दे. माह्याकडं एकच छापील अर्ज हाय. पीक बुडालं तरी तोच, मीटर जळलं तरी तोच, रेशन कार्डात बायकोचं नाव राह्यलं तरी तोच. जे लागत नाही तिथं ‘निरंक’ लिहाचं. रिकामी जागा सोडाची नाही पोरी. रिकाम्या जागेत मागून कोणी काहीबी घुसवते.”

मी वाद घालणार होते, पण बरोबर होतं! एकच मॅक्रो, तीन जागा, नको तिथे शून्य. चार साच्यांचं काम एकात. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून हे मला सुचलं नव्हतं आणि कडुलिंबाखालच्या माणसाला सुचलं, म्हणून मी चिडले, पण मॅक्रो लगेच बदलला. बाबांनी त्याची स्वच्छ प्रत काढून दिली, समास सोडून. शिवाय स्क्रीनवर दहा वेळा उमटायचा संदेशही त्यांनी बदलायला लावला. ‘हॅलो’ला काही अर्थ नाही म्हणे. त्याऐवजी रोमन अक्षरांत ‘अर्ज मंजूर’ लिहायचं ठरलं.

“बापलेकी दोघंबी अर्जच लिहून राह्यले,” आई आतून ओरडली. “गवार कोण निवडते?”

सोमवारी बाबा सोबत आले. मॅक्रोत आता त्यांचाही हिस्सा होता ना! परीक्षेच्या खोलीत पालकांना बसू देत नाहीत म्हटल्यावर त्यांनी तिथल्या तिथे प्राचार्यांना अर्ज लिहिला. तो मंजूर झाला, अक्षर पाहून. मग ते इस्त्रीचा पांढरा शर्ट सावरत दाराशेजारच्या बाकावर जाऊन बसले.

मी घाईघाईत नवा मॅक्रो टाइप केला. संदेश एकदा उमटवून पाहिला, उमटला. तेवढ्यात परीक्षक आले. मी प्रोग्राम सुरू केला.

अर्ज मंजूर. अर्ज मंजूर. अर्ज मंजूर.

दहा झाले. पंधरा झाले. मग मोजणं सुटलं. स्क्रीन खालून वर पळायला लागली, नुसती मंजुरीच मंजुरी. मी सगळी बटणं दाबून पाहिली, पण बटणं वाचायचं काम माझ्या सिस्टीमला अजून येतच नव्हतं. गेलं वर्ष, गेलं पुणं, असं मनात सुरू झालं. सर कपाळाला हात लावून उभे होते. खोलीचा शिपाई वीज बंद करायला धावला तेव्हा बाकावरून आवाज आला.

“राहू द्या ना भाऊ. चालू द्या थोडा टाइम.”

बाबा उठून उभे राहिले होते. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. शिपाईही थांबला, आणि बाबांच्या बाजूला उभा राहून बघू लागला.

परीक्षकांनी मात्र शांतपणे विचारलं, “थांबत का नाही, सांगा.”

हा एकच प्रश्न होता आणि सगळं त्यावर होतं. मी बाबांनी लिहिलेल्या कागदाकडे पाहिलं. संदेश उमटवायला एकच तपशील लागतो, उरलेल्या दोन जागी निरंक. आणि त्यातल्याच एका कप्प्यात माझा प्रोग्राम मोजदाद ठेवत होता! दर संदेशाला मॅक्रो तिथे शून्य भरत होता, म्हणून मोजणी दहापर्यंत कधी पोचतच नव्हती. जुना साचा त्या कप्प्याला हातच लावत नव्हता. आम्ही ज्याला रिकामी जागा समजलो, तिथे दुसऱ्याचं सामान ठेवलेलं होतं.

मी हे सांगितलं. परीक्षक हसले. “एकाच मॅक्रोची ही आयडिया कोणाची?”

“माही साहेब,” बाबांनी हात वर केला. “पेशा, अर्जनवीस.”

परीक्षकांनी दुरुस्तीला दहा मिनिटं दिली. जुने चार साचे परत आणणं सोपं होतं, पण बाबांसमोर मला ते करवेना. त्यांचाच मॅक्रो ठेवला. फक्त कप्प्यांतलं सामान आधी बाजूला काढून ठेवायचं, काम झालं की जिथल्या तिथे परत ठेवायचं, अशा तीन ओळी वर आणि तीन ओळी खाली घातल्या. पुन्हा चालवलं. दहा वेळा उमटलं आणि थांबलं. परीक्षकांनी मान डोलावली, सही केली. मी पास झाले.

परतीच्या एसटीत मी आनंदाने बडबडत होते आणि बाबा खिडकीबाहेर, नांगरून पडलेल्या वावरांकडे पाहत होते. मध्येच वळून त्यांनी विचारलं, “पह्यल्या बारीले किती मंजूर झाले असतील?”

“कोण जाणे. हजारांनी झाले असतील.”

“म्हणजे आपला तालुका पुरा होत होता,” बाबा म्हणाले. “अन् तू थांबवलं.”