जाऊन राहिलो होतो

एक घटना मला अजून आठवते, हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नोकरीतल्या गोष्टी विचारल्या की दरोड्यांच्या, बनावट नाण्यांच्या सांगायचो, ही टाळायचो. परवा शाळेतल्या बाईंनी सातवीच्या मुलांसाठी काही लिहून मागितलं. म्हणाल्या, "मुलं वाचतात, पण लिहिलेल्यावरून न लिहिलेलं ओळखत नाहीत. तुम्ही पोलीस ते कसं ओळखता, तेवढं लिहा." मुलांनो, मी ते एकदा फार चुकीचं ओळखलं. तेच लिहितो.

इंग्रजांचं राज्य होतं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. मी पुण्याकडचा, ठाणेदार म्हणून नवीनच आलेलो. शहरात माझ्याशी सगळे हिंदीत बोलत. खेड्यातली बोली फारशी कानावर पडली नव्हती.

उन्हाळ्यात एका दुपारी रेल्वे फाटकापलीकडच्या तेंदूपत्त्याच्या गोदामाला आग लागली. बिडीची वाळलेली पानं ती. विहिरीचं पाणी पोचेपर्यंत छप्पर खाली आलं. संध्याकाळी गोदामाचा चौकीदार ठाण्यात आला.

"साहब, सुबह एक जंगलवाला झगडा करके गया. मुकादम ने उसके पत्तों के पुडे वापस कर दिए थे. पुडे वहीं छोडके, 'देख लूंगा' बोलके गया."

खबर पक्की वाटली. दुसऱ्या दिवशी शिपायांनी त्या माणसाला गावातून आणलं. उंच, वाळका, पानं तोडून बोटं काळी पडलेली. माझा हेड कॉन्स्टेबल तिकडचाच. तो जबानी शब्दाला शब्द लिहून घेऊ लागला.

"मुकादमाशी भांडलास?"

"भांडलो ना. चांगले पुडे सडके म्हनते, तं का हासू?"

"आग लागली तेव्हा कुठं होतास?"

"गोदामात जाऊन राहिलो होतो. पुडे वापस आनाले."

मी टेबलावर हात आपटला. "पुन्हा सांग."

"जाऊन राहिलो होतो म्हनतो ना, साहेब. दुरूनच धूर दिसला, तं वापस पलटलो."

पुढचं मी ऐकलंच नाही. जबानीवर त्याचा अंगठा घेतला आणि रिपोर्ट इंग्रजीत लिहिला: आगीच्या वेळी आपण गोदामात जाऊन थांबलो होतो, असं आरोपी कबूल करतो. भांडण होतं, धमकी होती, हजेरी होती. सगळं जुळलं. मॅजिस्ट्रेटनी त्याला भंडाऱ्याच्या जेलात पाठवलं.

मग त्याची बायको यायला लागली. भोपळ्याच्या तुंब्यात आंबील घेऊन ठाण्याच्या दारात बसायची. नवरा इथं नाही, हे सांगूनही हलायची नाही. एकदा मी बाहेर पडताना उभी राहिली.

"साहेब, कायले धरलं त्याइले?"

"त्यानंच सांगितलं, तो गोदामात होता."

"थे तं जाऊन राहिले होते!"

"तेच तर मी म्हणतोय."

ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. "तुमाले मराठी येते का नाही, साहेब?"

शिपाई हसले. पुण्याच्या माणसाला मराठी विचारते! माझं डोकं फिरलं. तिला बाहेर काढायला सांगितलं. तुंबा दारातच राहिला.

काही आठवड्यांनी वरच्या साहेबांना उतरवून घ्यायला मी स्टेशनवर गेलो होतो. एक कुली मला म्हणाला, "बाजूले सरका साहेब, गाडी येऊन राहिली."

मी पाहिलं. रूळ मोकळे होते.

"कुठाय गाडी?"

"येऊन राहिली ना!"

"अरे, पण कुठं राहिली?"

कुली हसायला लागला. "आली म्हनलं का म्या? येऊन राहिली म्हनलं!" आणि त्यानं लांबवर बोट दाखवलं. झाडांच्या वर नुकता कुठं इंजिनाचा धूर दिसत होता.

गाडी आलेली नव्हती, येत होती. म्हणजे तो माणूसही गोदामात थांबलेला नव्हता. तो जात होता.

ठाण्यात परतून मी जबानी काढली आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. 'दुरूनच धूर दिसला.' गोदामात असलेल्याला धूर दुरून कसा दिसेल? बोली कळत नव्हती हे खरं, पण 'दुरून' तर मला कळत होतं.

हेड कॉन्स्टेबल खाली मान घालून म्हणाला, "मले वाटलं तुमाले समजलं. रिपोर्ट इंग्रजीत, मी कसा वाचू?"

मग फाटकवाल्याला विचारलं. त्यानं सांगितलं, त्या दुपारी मालगाडीसाठी फाटक बंद होतं, तेव्हा रिकामी कावड घेतलेला एक उंच, वाळका माणूस फाटकाच्या अलीकडच्या बाजूलाच उभा होता. तेव्हाच पलीकडे धूर उठला. मग चौकीदाराला बोलावलं. थोड्याच वेळात त्यानं कबूल केलं. पानांच्या ढिगाजवळ चिलीम ठेवून त्याला डुलकी लागली होती.

मी जेलातल्या त्या माणसाच्या सुटकेसाठी अर्ज केला. हुकूम निघायच्या आधी जेलातून निरोप आला. तापाची साथ होती. तो त्यात गेला होता.

मुलांनो, कागदावर लिहिलेलं आणि आपल्याला आधीपासून ठाऊक असलेलं, यांची जोड घालूनच आपण न लिहिलेलं ओळखतो. त्याच्या शब्दांना मी माझ्या गावचं ज्ञान जोडलं. आपल्या अनुमानात एखादं वाक्य बसत नसेल, तर वाक्य सोडायचं नसतं, अनुमान सोडायचं असतं. आणि समोर माणूस असेल, तर त्याला विचारायचं. तो माझ्यासमोर हातभर अंतरावर बसला होता.

जेलातून आलेला तो निरोप घेऊन मी स्वतः त्याच्या गावी गेलो. सोबत हेड कॉन्स्टेबल होता. त्याची बायको अंगणात मोहफुलं निवडत होती. आम्हाला पाहून उठली आणि आमच्या मागच्या वाटेकडे बघू लागली.

"मांगून येऊन राहिले का थे?"

आता मला त्यातला शब्दन् शब्द कळत होता. पण सांगितलं ते हेड कॉन्स्टेबलनं. मी टोपी हातात धरून उभा राहिलो आणि तसाच परत आलो. पुन्हा त्या गावी जायचं धाडस झालं नाही. जाताना वाटेत जुळवलेलं बोलणं तोंडातच राहिलं:

बाई, तुमचा माणूस खरं बोलला होता. मराठी मलाच येत नव्हती. मला माफ करा.