फोडलेल्या खोक्यांवरची सही

निशिगंधा नवरा सौमित्र आणि लेक चैत्राली यांच्यासोबत इथे सिंगापुरात आमच्याच ब्लॉकमध्ये राहते. हुशार, कष्टाळू आणि नको तितकी भिडस्त. त्या भिडस्तपणाचा मला फार राग येतो.

बंदराजवळच्या हार्बरफ्रंट भागातल्या एका कंपनीत ती बांगलादेशी शर्ट युरोपला धाडण्याचं काम बघते. गरीब देशाचा माल म्हणून युरोप त्यावर आयातकर घेत नाही. अट एवढीच, की वाटेत माल बदललेला नसावा. सिंगापुरात बोट बदलताना खोक्यांना कोणी हात लावला नाही, अशी सही निशिगंधाने करायची.

मागच्या खेपेला गिऱ्हाइकाला शर्टांच्या जोड्या हव्या होत्या. गोदामात खोकी फोडली, प्रत्येक शर्टाला भलत्याच देशातला जोडीदार दिला आणि सगळा माल बांगलादेशचा म्हणून पुन्हा बंद केला. निशिगंधा सही करेना.

कंपनीच्या दातारसाहेबांनी तिला बोलावलं. साहेब पुण्याचे. तिला इथे आणलं त्यांनीच, गणपतीला आग्रहाने जेवायला बोलावणारेही तेच.

"अगं, या महिन्यात तुझा इथे नोकरी करायचा पास रिन्यू करायचाय ना? सौमित्र आणि चैत्राली तुझ्याच पासवर आहेत. उगाच ताणू नकोस."

"पण सर, हे खोटं आहे."

"हे शर्ट शिवणाऱ्या बांगलादेशी मुलींचं पोट यावरच चालतं, विसरू नकोस."

हे तिने सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. गरिबांची सवलत आपण लाटायची, वर त्यांचीच ढाल पुढे करायची!

"काकू, काय करू?"

"अजिबात सही करू नकोस," मी म्हटलं. सांगायला माझं काय जातं? मी इथली नागरिक.

घरी पुण्याची नोकरी सोडून आलेला सौमित्र पास संपायची तारीख बघत बसला. चैत्राली तेवढी इथल्या मुलांसारखी बोलली, "आई, माझी एक्झाम आहे. हाऊ टु गो बॅक, लाह?"

निशिगंधाने सही केली.

परवा ती लिटिल इंडियातून पेढे घेऊन आली. पास रिन्यू झाला होता.

"आता तरी दुसरी नोकरी बघ," मी म्हणाले.

"कशी बघू? यापुढे सगळा माल जोड्यांनीच जाणार आहे, आणि दर वेळी सही माझीच. साहेब म्हणाले, तू सोडून गेलीस आणि नवा माणूस आला तर मागचं सगळं उकरेल आणि तिथे नाव तुझंच निघेल." तिने पेढ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. "दोन वर्षांचा पास मिळालाय, काकू. सगळे अभिनंदन करतायत. आणि मला रडू येतंय."

मी हातात घेतलेला पेढा परत डब्यात ठेवला. आणि ‘अजिबात सही करू नकोस’ म्हणणारी मी तिच्यासाठी चहा टाकायला उठले.