मास्तरांची प्रुएबा

आमच्या ह्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते, म्हणून मीही मास्तरच म्हणते. जन्मभर शिंपीकाम केलं. गुडघे बोलायला लागले तसं दुकान बंद केलं, मशीन पुढच्या खोलीत आणलं आणि माझी खिडकीतली बसायची जागा गेली ती गेलीच. आता तिथे मास्तर बसतात, गळ्यात टेप टाकून. गिऱ्हाईक नसलं तरी टेप असतोच. जेवतानासुद्धा काढत नाहीत.

मुलगा परदेशात असतो. सून तिकडचीच, स्पॅनिश बोलणारी, स्वभावाने गोड. नात सहा वर्षांची. फोनवर मास्तर दिसले की ती आईच्या मागे लपायची. मला हात तरी हलवायची, ह्यांना तेवढंही नाही. एकदासुद्धा तिने त्यांना कशीच हाक मारली नव्हती. मास्तर म्हणायचे, "लहान आहे, होईल सवय." पण फोन ठेवला की उगाच मशीनला तेल घालत बसायचे. त्यांना ते लागलं होतं, मला दिसत होतं.

मग कळलं, सून आणि नात तीन आठवड्यांसाठी येतायत. मुलाला रजा नव्हती. मास्तरांनी त्याच दिवशी निळं कापड आणलं. "मला तिच्याशी बोलता येत नाही, पण तिला फ्रॉक तर शिवता येतो," म्हणाले. "अंगावर चढला की ओळखेल मला." मी म्हटलं, मुलाकडून माप मागवा आणि शिवून मोकळे व्हा. तर नाही. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर मास्तर कात्री चालवत नाहीत. फोटोवरून अंदाजाने सैलसर बेतला, कच्चे टाके घातले आणि ट्रायलसाठी हँगरला लावून ठेवला.

आता ट्रायलला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं? मुलाला फोन. तो म्हणाला, "प्रुएबा." मास्तरांनी घोकून घोकून तो शब्द पाठ केला. दूधवाल्यालाही ऐकवला. मला वाटलं, सुटलो. कसलं काय.

दुसऱ्याच दिवशी मुलगा फोनवर सांगतो, आज पोरीची शाळेत प्रुएबा आहे. मास्तर खूश. "बघ, तिकडे गणवेशाची ट्रायल शाळेतच घेतात. शिस्त आहे." मुलगा म्हणाला, "नाही हो बाबा, गणिताची चाचणी आहे." मास्तरांचा चेहरा उतरला. मग तो समजावत बसला की प्रुएबा म्हणजे चाचणी, पुरावा, नमुना, आणि कपडे घालून बघणंसुद्धा. शिवाय ते क्रियापदही आहे, म्हणजे करून बघ, चाखून बघ, सिद्ध कर.

"अरे, एक शब्द आणि एवढे धंदे?" मास्तर भांबावून गेले.

मी म्हटलं, "आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, उचकीही लागते. तेव्हा कुठे तक्रार केलीत?"

"ते वेगळं," म्हणाले. वेगळं काय ते मात्र सांगितलं नाही.

त्या आल्या. पहिल्या संध्याकाळी सुनेने स्वतः सूप केलं. चमचाभर घेऊन मास्तरांच्या तोंडापुढे धरलं आणि हसून म्हणाली, "प्रुएबा." मास्तर ताडकन उठले, फ्रॉक घेऊन आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. सून चमचा धरून, मास्तर हँगर धरून. कुणालाच काही कळेना. शेवटी सूप मीच प्यायले. मीठ कमी होतं.

नातीची ट्रायल त्याहून वाईट झाली. मास्तर तयारीनिशी गेले, एका हातात खडू, दुसऱ्या हातात फ्रॉक आणि सवयीप्रमाणे ओठांत टाचण्या. टाचण्यांच्या आडून म्हणाले, "प्रुएबा." पोरीने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि असं भोकाड पसरलं की शेजारीण दारात आली. शब्दाला भ्याली, टाचण्यांना भ्याली की ह्यांनाच, देव जाणे. सुनेने विचारून बघितलं, पण तिने जे सांगितलं ते आम्हाला कोण सांगणार? मास्तरांनी फ्रॉक परत खिळ्याला लावला. दोन आठवडे तो तिथे लोंबकळत होता. तो दिसला की मी ह्यांच्यावरच ओरडायची, टेप काढा म्हणून.

तिसरा आठवडा लागला तशी मास्तरांची झोप उडाली. "अशीच जाईल गं ही," म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर मास्तर जमिनीवर फतकल मारून बसलेले. गुडघे धरतात म्हणून मी त्यांना खाली बसू देत नाही, तरी बसलेले. टेप गळ्यातून काढून फरशीवर ठेवलेला. दुकानात एखादं पोर माप द्यायला तयार नसलं की ते असंच करायचे, टेप पोराच्या हवाली करायचे आणि म्हणायचे, घे बाबा, आधी माझं माप घे. मी हे सगळं विसरून गेले होते. बहुतेक तेही विसरले होते, नाहीतर दोन आठवडे कशाला घालवले असते?

नात आधी दारातून बघत राहिली. मग सरकत सरकत आली आणि टेप उचलला. ह्यांचं नाक मोजलं. कान मोजला. पोट मोजताना टेप पुरतो की नाही अशी वेळ आली. मग तिने खिळ्यावरचा फ्रॉक ओढून काढला आणि ह्यांच्या अंगावर टाकत हुकूम सोडला, "प्रुएबा."

ह्या वयात मास्तरांनी निळा फ्रॉक डोक्यातून घातला. डोकं गेलं, खांदे अडकले, कच्चे टाके टराटरा उसवले. आतून विचारतात, "अगं, आता ही कुठली प्रुएबा?"

मी म्हटलं, "मला काय विचारता, गणिताची असेल."

पोरगी हसून हसून फरशीवर लोळली. उठून तोच उसवलेला फ्रॉक तिने आपल्या अंगावर चढवला आणि हात पसरून उभी राहिली. मास्तरांनी टाचण्या काढल्या, पण तोंडात नाही ठेवल्या. माझ्या हातावर ठेवल्या. पहिल्यांदाच.

पक्का शिवून झाल्यावर फ्रॉक असा बसला की सून बघतच राहिली. पण निघायच्या आदल्या दिवशी इस्त्री करताना तिने तो उलटा केला आणि मला बोलावलं. आत बाजूच्या शिवणीला बोटभर कापड, खाली घेराला तर घडीवर घडी. वाढत्या अंगासाठी शिंपी असं कापड आत सोडतात, त्याला माया म्हणतात. पण एवढी मी कधी पाहिली नव्हती. सुनेला वाटलं असावं, कापायचं राहून गेलं. मला समजावून सांगता येईना. मास्तरांनी हाताने दाखवलं, पोरगी एवढी झाली की ही घडी उसवायची, एवढी झाली की ही. मग बोटाने मशीनकडे दाखवलं. सुनेने मान हलवली. किती समजलं कोण जाणे.

त्या गेल्या. नातीने मागितला म्हणून मास्तर टेप तिला देऊन बसले होते, त्यामुळे गळा मोकळा. मला तो गळा बघवेना.

वर्ष होत आलं तेव्हा फोनवर नात तोच फ्रॉक घालून आली. गुडघ्याच्या बराच वर गेला होता. मास्तर कासावीस झाले. मुलाला म्हणाले, "अरे, आखूड झालाय. आत कापड आहे ना, तिकडच्या शिंप्याकडून घडी सोडवून घे."

मुलगा म्हणाला, "नेला होता बाबा. पोरगी हात लावू देत नाही. आजोबाच उसवणार, म्हणते. ऐकतच नाही. शेवटी पुढच्या महिन्यात तिकडे यायची तिकिटं काढली."

मागून पोरगी टेप नाचवत ओरडली, "आहोबा." तिला ज म्हणता येत नाही.

मास्तरांनी फोन खाली ठेवला. मग मला विचारलं, "अगं, तो निळा दोरा उरलाय का बघ."

मी डबा उघडला. होता.