ताईची मुकी बॅट

माझ्या थोरल्या बहिणीने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून एकच वस्तू पारखून घेतली, ती म्हणजे पिकलबॉलची बॅट. दुकानदार तिला पॅडल म्हणतो, खेळणाऱ्या बायकाही पॅडल म्हणतात, पण ताईच्या तोंडी बॅटच बसलंय आणि तिला सुधारायला जायची आमच्यात कुणाची हिंमत नाही.

ताई पडदे शिवते. घरीच, पुढच्या खोलीत, खिडकीपाशी मशीन. त्याच खोलीत भाऊजींची खाट, कारण आतल्या खोलीच्या दारातून ती लोखंडी खाट काही केल्या जाईना. झटका आला आणि भाऊजींची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला. कान तर पहिल्यापासूनच तिखट. कारखान्यात ते बेअरिंग तपासायचे. चालू यंत्राला सळई टेकवायची, दुसरं टोक कानाशी धरायचं आणि आत कुठे झीज झालीय ते सांगायचं. घरी बसल्यावर त्या कानांना काम उरलं नाही, म्हणून त्यांनी ते ताईला लावून ठेवले. न्हाणीघरातलं पाणी थांबलं आणि ताई लगेच बाहेर आली नाही, की घंटा. मशीन बंद पडलं, की घंटा. खिडकी लावली तरी घंटा. उशाशी पितळी घंटा आहे, डाव्या हाताला पुरेल अशी. भाऊजी वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझी जीभ घसरण्याचा संभव आहे. ते घाबरतात. पण घाबरलेल्या माणसाने घट्ट धरलेला हातसुद्धा दुखतोच की.

सकाळी तासभर मदतनीस बाई येते, भाऊजींचं अंग पुसते, कपडे बदलते. तो तास ताईचा. त्या खिडकीखालच्या आवारात गाड्या निघून गेल्या की तिथे आखलेल्या कोर्टावर बायका पिकलबॉल खेळतात, बुटक्या जाळीवरून चेंडू टोलवायचा खेळ. ताई नुसती कठड्याशी उभी राहून बघायची. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेने एक दिवस तिला अक्षरशः ओढून आत घेतलं आणि आपली जुनी लाकडी बॅट दिली. कपडे बडवायच्या फळीची सख्खी बहीणच ती! तिच्यावर प्लास्टिकचा भोकाभोकांचा चेंडू आपटला की टॉक्कन वाजायचं. बाकी तिघींच्या बॅटी वेगळ्या, त्यांचा आवाज वेगळा. भाऊजींना उघड्या खिडकीतून ताईचा टॉक् बरोबर ओळखू यायचा. ती पाणी प्यायला थांबली, कुणाशी दोन शब्द बोलली, की टॉक् बंद. मग वर घंटा, मग मदतनीस बाईचा फोन, "ताई, साहेब बोलावतायत." ताई धापा टाकत वर. काय झालं? काही नाही. आहेस ना, एवढंच. एकदा जिन्यात मी तिला बॅट भिंतीवर हाणायला उगारताना पाहिलं. मग तिने ती काखेत मारली आणि वर गेली.

"मला नवी बॅट घ्यायचीय," एक दिवस ती म्हणाली. "कोपर दुखतं."

झालं! घरात सल्ल्यांना ऊत आला. परगावच्या भाच्याने फोनवर फर्मान काढलं, "आई, घ्यायची तर कार्बनची घे. पैसे मी पाठवतो."

"तुझे पैसे तुझ्यापाशी ठेव," ताई म्हणाली. "मिक्सर जेवढ्याला येतो तेवढ्यात बसली पाहिजे." तिच्या मते मिक्सरपेक्षा महाग असेल ती वस्तू नव्हे, चैन.

दुकानात मी बरोबर गेले. दुकानदार सज्जन निघाला. त्याने ताईला मूठ धरायला लावली, बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामधल्या फटीत दुसऱ्या हाताचं बोट घालून बघायला सांगितलं. बोट नीट मावलं तर मूठ तुमच्या मापाची. "काकू, कोपर दुखतंय तर जड नको. पण अगदी हलकीही नको, तिला जोर तुम्हालाच लावावा लागतो. आतली जाडी जास्त असली की हाताला धक्का कमी बसतो." सगळ्यांत स्वस्त बॅटीकडे त्याने बघूही दिलं नाही, वर्षभरात तिचा पापुद्रा सुटतो म्हणे. सगळ्यांत महाग तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही सामने खेळणाऱ्यांची. तुमच्या काही उपयोगाची नाही."

ताईने मधल्या किमतीच्या तीन निवडल्या. आणि मग वजन नाही, रंग नाही, डोळे मिटून एकेकीवर चेंडू टाकून ऐकत बसली. तिसरीवर चेंडू पडला तो उशीवर पडावा तसा.

"हिच्यात फोम आहे," दुकानदार म्हणाला. "फटक्याला जोर जरा कमी मिळतो हं."

"आणि आवाज?"

"आवाज जवळजवळ नाहीच. शेजारीपाजारी तक्रारी करतात ना, त्यांच्यासाठीच निघालीय."

"हीच द्या," ताई म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोपर दुखत होतं हे खरं, पण बॅट कोपरासाठी नव्हती. रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "लबाड आहेस गं तू!" मला वाटलं हसेल. हसली नाही. पिशवी छातीशी धरून म्हणाली, "मला एक तास असा हवाय की मी कुठे आहे ते कुणाला ऐकू येणार नाही."

नेमकी त्या आठवड्यात मदतनीस बाई रजेवर गेली, म्हणून सकाळी मी जाऊन बसले. ताई नवी बॅट घेऊन उतरली, जुनी शिक्षिकेला परत करायला तीही बरोबर नेली. भाऊजींचा डावा हात खाटेच्या दांड्यावर होता, पहिलं बोट जरासं उचललेलं. खालून तिघींच्या बॅटींचे आवाज येऊ लागले. बोट तसंच अधांतरी. मग घंटा.

"खालीच आहे ती, भाऊजी," मी वैतागून म्हटलं. "नव्या बॅटीचा आवाज येत नाही."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तेवढ्यात शिक्षिकेला काय लहर आली कोण जाणे, तिने आपली जुनी लाकडी बॅट घेतली असावी. टॉक्! त्याच क्षणी भाऊजींचं बोट दांड्यावर आपटलं. पुन्हा टॉक्. या वेळी बोट हललं नाही. भाऊजींनी मान हलवली. हा हात तिचा नव्हे.

मी वाकून बघितलं. दांड्यावरचा रंग एका जागी उडाला होता, बोटाच्या पेराएवढा. इतके दिवस मी ज्याला पहारा समजत होते, त्यात हा माणूस तिच्या प्रत्येक फटक्याबरोबर खेळत होता.

ताई वर आली तशी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, अगं ते तुझ्याबरोबर खेळायचे. बोटाने."

ताईने भांड्यातलं पाणी संपवलं. "माहितीय."

"माहितीय?"

"पहिल्यापासून. मी वर आले की ते मला बोटानेच दाखवायचे, कुठला फटका कडेला लागला ते. बरोबर असायचं."

"आणि तरी तू..."

"तरी म्हणजे काय? जेवण त्यांच्याजवळ, झोप त्यांच्याजवळ, शिवण त्यांच्यासमोर. आता खेळणंही दोघांनी मिळून? मला एकटीला खेळायचंय गं! तेवढं एक मी कुणाला देणार नाही." मग तिचा चढलेला आवाज एकदम उतरला. "उद्या लाकडी मागून घेऊ का परत?"

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. "घेतलीस ना पारखून? मग वापर," मी म्हटलं. "त्यांचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी ताई उतरली तशी मी खिडकी लावून घेतली. तिघींच्या आवाजांत चौथा शोधत बसण्यापेक्षा काहीच ऐकू येऊ नये, असं मला वाटलं. आणि दोष आला तर माझ्यावर यावा.

"वारा फार आहे, भाऊजी," मी म्हटलं. बाहेर पान हलत नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. हात घंटेकडे गेला, तिच्यावर टेकला आणि परत आला. मग दांड्यावर बोट वाजलं. एकदा. थांबून पुन्हा, लागोपाठ दोनदा. खोलीत बाहेरचा एक आवाज नव्हता. मध्येच बोट हवेत राहिलं, चेंडू चुकला असावा, आणि चेहऱ्याच्या चांगल्या बाजूने ते किंचित हसले.

मी काचेतून खाली पाहिलं. ताई खेळत नव्हतीच. कठड्यावर बसली होती, बॅट मांडीवर आडवी, आणि शिक्षिकेच्या कुठल्यातरी बोलण्यावर मान मागे टाकून हसत होती. तिला कुणी बोलावत नव्हतं. माझ्या पाठीमागे बोट चाललंच होतं.

ती यायच्या वेळेला मी खिडकी उघडून ठेवली.

"घंटा वाजवली?" तिने दारातच विचारलं.

"नाही."

"मग काय करत होते?"

"काही नाही," मी म्हटलं. "पडून होते."